हिस्पॅनिक लोकांत कॅन्सरचे मृत्यू कमी? पण नेमक्या कुठल्या हिस्पॅनिक लोकांत?

निशिगंध

नमस्कार मंडळी,

ह्यूस्टनमधल्या एका सार्वजनिक दवाखान्यासाठी मी आरोग्याची माहितीपत्रकं तयार करते. येणारे बहुतेक पेशंट स्पॅनिश बोलणारे: मेक्सिकन, होंडुरास-एल साल्वाडोरकडचे, थोडे क्युबन, थोडे पोर्टो रिकन. परवा बैठकीत एक तक्ता दाखवला. अमेरिकेतल्या हिस्पॅनिक लोकांचा (म्हणजे ज्यांचं मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत आहे त्यांचा) कॅन्सरचा मृत्युदर हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी. आकडा खरा आहे, अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०२१ च्या अहवालातही साधारण हेच आहे. मग चर्चा अशी वळली की या लोकांत कॅन्सरचा धोका कमीच, तेव्हा पैसे मधुमेहावर खर्च करू.

मला हे मुळीच पटत नाही. त्याच अहवालात पुढे लिहिलंय की हिस्पॅनिक लोकांत लिव्हर आणि जठराच्या कॅन्सरचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर ३२ टक्क्यांनी जास्त. ही पानं बैठकीत कुणी उघडलीच नाहीत.

इथे सार्वजनिक आरोग्य, आकडेशास्त्र, वैद्यक या क्षेत्रांतली बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. गरिबी जास्त, विमा कमी, तरी एकूण मृत्युदर कमी, हे कसं? आणि इतक्या वेगवेगळ्या देशांची माणसं एका रकान्यात घालून काढलेल्या आकड्यावर पैशांचे निर्णय घ्यावेत का?

रानवारा

जनुकं असणार. दुसरं काय?

तळ्यातमळ्यात

वय बघितलंय का? हिस्पॅनिक समाज तरुण आहे. तरुणांत कॅन्सर कमी, मृत्यूही कमी.

आकडेमोड

@तळ्यातमळ्यात, तो फरक आधीच वजा केलेला असतो. हे दर वयानुसार जुळवून घेतलेले असतात. म्हणजे दोन्ही समाजांची वयरचना २००० सालच्या अमेरिकेच्या लोकसंख्येसारखी असती तर किती मृत्यू झाले असते, असा हिशोब. त्यामुळे वय हे उत्तर नाही.

वयाचा मुद्दा दुसरीकडे मात्र लागू पडतो. २००९ च्या सुमारास अमेरिकेतल्या हिस्पॅनिक लोकांत कॅन्सर हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण झालं, गोऱ्यांत तेव्हा हृदयरोग पहिला होता. समाज तरुण आहे आणि हृदयरोगाचे मृत्यू त्याहून कमी आहेत, म्हणून दर कमी असूनही कॅन्सर पहिला. निशिगंध, तुमच्या बैठकीत ‘धोका कमी’ म्हणणाऱ्यांना हे एकच वाक्य ऐकवा.

आता मूळ प्रश्न. याला ‘हिस्पॅनिक विरोधाभास’ म्हणतात. १९८६ मध्ये मार्कीडेस आणि कोरील या दोघांनी नैर्ऋत्य अमेरिकेतल्या हिस्पॅनिक लोकांवर लेख लिहिला, तिथून ही चर्चा सुरू झाली. उत्पन्न आणि शिक्षण बघितलं तर हे लोक तिथल्या काळ्या समाजाच्या जवळचे, आणि मृत्यूचे आकडे मात्र गोऱ्यांच्या जवळचे. पुढे पुष्कळ स्पष्टीकरणं आली. माझ्या मते सगळ्यांत भक्कम आहे ते सिगारेटचं. मेक्सिकोतून आलेली पिढी कमी ओढते, आणि ओढणाऱ्यांतले पुष्कळ जण रोज ओढत नाहीत. पन्नाशीनंतरच्या आयुर्मानात हिस्पॅनिक लोकांना जी आघाडी दिसते तिचा निम्म्याहून जास्त भाग एकट्या धूम्रपानाने समजावता येतो, असं फेनेलन यांनी २०१३ मध्ये दाखवलं. अमेरिकेत कॅन्सरने होणाऱ्या दर पाच मृत्यूंत साधारण एक फुप्फुसाच्या कॅन्सरचा. तो एक आकडा खाली गेला की एकूण दर खाली येणारच.

देशमुखकाका

आकडेमोड यांचं पटलं, पण एक शंका. माणसं म्हातारपणी, आजारी पडल्यावर गावी परत जातात. आपल्याकडचे गिरणी कामगार नाही का अखेरीस कोकणात जायचे. मेक्सिको तर शेजारीच. तिकडे मेले की अमेरिकेच्या नोंदीत मृत्यू नाही. मग दर कमी दिसणारच!

आकडेमोड

काका, रास्त शंका. याला तिकडे साल्मन माशाचं नाव दिलंय, कारण तो मासा अखेरीस जन्माच्या नदीत परततो. हा परिणाम थोडा आहेच. पण आना आब्राइदो-लान्झा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये फार नेमका विचार केला. क्युबन लोक राजकीय कारणांमुळे परत जाऊ शकत नव्हते. पोर्टो रिकोला परत गेलेल्यांचा मृत्यू अमेरिकेच्याच नोंदीत येतो, कारण ते बेट अमेरिकेचंच आहे. तरी या दोन्ही गटांचा एकूण मृत्युदर गोऱ्यांपेक्षा कमी निघाला. परत जाण्याने सगळं समजावता येत नाही.

शिवाय दुसरी अडचण नोंदीची. जनगणनेत माणूस स्वतः सांगतो मी कोण ते. मृत्यूच्या दाखल्यावर ते लिहितो अंत्यसंस्कार करणारा व्यावसायिक, नातेवाइकांना विचारून किंवा कधी चेहरा-आडनाव बघून. त्यामुळे काही हिस्पॅनिक मृत्यू ‘गोरे’ म्हणून नोंदले जातात. तपासणीत ही तूट तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास निघाली. ३० टक्क्यांचा फरक त्याने पुसला जात नाही, पण छोट्या गटांची तुलना करताना ती डोक्यात ठेवावी लागते.

मायामीकर

निशिगंध, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. मी वीसेक वर्षं क्युबन शेजाऱ्यांत राहतोय. लिटिल हवानातल्या डॉमिनो पार्कात संध्याकाळी जाऊन उभे राहा, म्हाताऱ्यांच्या प्रत्येक टेबलावर चुरूट नाहीतर सिगारेट. ही १९५९ च्या क्युबन क्रांतीनंतर आलेली पिढी, तंबाखूच्या देशातली. आमच्या गल्लीतले दोन आजोबा फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. त्यांना सांगून बघा की तुम्ही हिस्पॅनिक, तुम्हाला धोका कमी!

फ्लोरिडाच्या कॅन्सर नोंदणीवर पाउलो पिन्हेरो आणि सहकाऱ्यांचं बरंच काम आहे. त्यात हाच फरक दिसतो: क्युबन पुरुषांत फुप्फुसाचा कॅन्सर मेक्सिकनांपेक्षा खूप जास्त, आतड्याचाही जास्त. क्युबन पुरुष गोऱ्यांच्या जवळ जाऊन बसतात. म्हणजे ३० टक्क्यांचा दिलासा त्यांच्यासाठी नाहीच.

रानवारा

म्हणजे जनुकं नाहीत? 🙂

ब्राँक्सची_नर्स

मायामीकरांना दुजोरा. आमच्याकडे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात पोर्टो रिकन आणि डोमिनिकन. दोघेही कॅरिबियन, दोघेही स्पॅनिश बोलणारे, शेजारी शेजारी राहणारे. पण धूम्रपान बघा. २००८ पासून चार शहरांत (ब्राँक्स, शिकागो, मायामी, सॅन डिएगो) १६,००० हून अधिक हिस्पॅनिक लोकांचा जो मोठा अभ्यास सुरू आहे, त्यात पोर्टो रिकन पुरुषांत ३५ टक्के धूम्रपान करणारे निघाले, बायकाही जवळजवळ तितक्याच. क्युबन पुरुष ३१ टक्के. डोमिनिकन ११ टक्के, पुरुष आणि बायका दोन्ही. एका रकान्यात तिप्पट फरक!

पण मला पोटतिडकीने सांगायचंय ते लिव्हरबद्दल. पोर्टो रिकन पुरुषांत लिव्हरच्या कॅन्सरचे मृत्यू गोऱ्यांपेक्षा बरेच जास्त आहेत. त्यामागे हेपटायटिस सी आहे, इंजेक्शनने घेतलेली नशा आहे, दारू आहे, एचआयव्हीची जुनी साथ आहे. माझ्या वॉर्डात साठीतली माणसं यायची, तरुणपणी एकदोनदा सुई वापरलेली, पुढे आयुष्यभर नीट नोकरी केलेली. विषाणू आत चाळीस वर्षं बसलेला. कुणी तपासलंच नाही. आणि २०१३ च्या अखेरीपासून हा विषाणू गोळ्यांनी बरा होतो! दोन-तीन महिन्यांचा कोर्स, नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पूर्ण बरे. २०२० पासून सीडीसीची (अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेची) शिफारस आहे की प्रत्येक प्रौढाची आयुष्यात एकदा तरी हेपटायटिस सी तपासणी व्हावी. हे टाळता येणारे मृत्यू आहेत. ‘तुमच्यात कॅन्सर कमी’ असं सांगून ते होऊ देणं मला सहन होत नाही.

सांगलीची_मेधा

ताई, +१००. डोळे उघडणारा प्रतिसाद.

पेशीपुराण

@रानवारा, जनुकं आहेतच, पण तुम्ही म्हणता तशी सरसकट नाहीत. लॅटिन अमेरिकेतल्या माणसात तीन वारसे मिसळलेले असतात: मूळ अमेरिकी, युरोपीय, आफ्रिकी. मेक्सिकोत मूळ अमेरिकी वारसा जास्त, कॅरिबियन बेटांवर आफ्रिकी जास्त. आणि एकच वारसा एका ठिकाणी तारतो, दुसरीकडे मारतो.

स्तनाचा कॅन्सर घ्या. लॉरा फेहेरमान आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सहाव्या गुणसूत्रावर इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या ग्राहीच्या (रिसेप्टरच्या) जनुकाजवळ एक बदल शोधला. तो मूळ अमेरिकी वारशातून येतो आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी करतो. आता लिव्हर घ्या. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकातला एक बदल लिव्हरमध्ये चरबी साठवतो. २००८ मध्ये डॅलसच्या अभ्यासात त्याचं प्रमाण हिस्पॅनिक लोकांत ४९ टक्के, गोऱ्यांत २३ आणि काळ्यांत १७ टक्के निघालं. तुमच्या टेक्सासातलंच काम आहे हे, निशिगंध. लहान मुलांतल्या तीव्र ल्युकेमियाचं प्रमाण हिस्पॅनिक मुलांत सगळ्यांत जास्त, त्यातही मूळ अमेरिकी वारशातल्या एका बदलाचा वाटा आहे. उलट डोमिनिकन आणि पोर्टो रिकन पुरुषांत प्रोस्टेटच्या कॅन्सरचे मृत्यू मेक्सिकनांपेक्षा जास्त, तिथे आफ्रिकी वारशाकडे बोट जातं.

म्हणून ‘हिस्पॅनिक जनुकं’ असं काही नसतं.

देशमुखकाका

पेशीपुराण, माहिती उत्तम, पण मला जनुकांचा भर थोडा जास्त वाटतो. लिव्हरमध्ये चरबी साठायला आधी तसं खाणं लागतं. मेक्सिकोतून आलेल्या बापापेक्षा टेक्सासात जन्मलेल्या मुलाला लिव्हरचा कॅन्सर जास्त होत असेल तर जनुकं कशी जबाबदार? दोघांची जनुकं तीच.

पेशीपुराण

काका, तुमचा मुद्दा खरा आहे आणि आकडेही तुमच्याच बाजूचे. कॅलिफोर्निया आणि टेक्सासच्या मृत्यूनोंदींत अमेरिकेत जन्मलेल्या हिस्पॅनिक लोकांचा कॅन्सरचा मृत्युदर स्थलांतरितांपेक्षा स्पष्ट जास्त आहे. जनुक जमीन तयार करतं. लठ्ठपणा, मधुमेह, दारू त्यात पेरणी करतात. दक्षिण टेक्सासात तर मक्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विषही अभ्यासलं गेलंय.

निशिगंध, यात तुमच्या बैठकीला एक उत्तर दडलंय. मधुमेह विरुद्ध कॅन्सर असा पैशांचा झगडा मांडायचं कारणच नाही. टेक्सासातल्या मेक्सिकन कुटुंबात मधुमेह आणि लिव्हरचा कॅन्सर एकाच वाटेवरचे आहेत.

निशिगंध

@पेशीपुराण, हे मी मांडणार! असा विचारच आमच्या बैठकीत झाला नव्हता.

फोंड्याचा_पाव

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मी गोव्याचा ख्रिस्ती, न्यू जर्सीत राहतो, आडनाव पोर्तुगीज वळणाचं. एका दवाखान्यात माझ्या फाइलवर न विचारता ‘हिस्पॅनिक’ असं लिहिलं होतं. मी सांगून बदलून घेतलं. पण कॅन्सरच्या नोंदणीत असं होत असेल का?

आकडेमोड

फोंडेकर, अवांतर अजिबात नाही. पेशंटच्या कागदावर समाज लिहिलेला नसेल तर कॅन्सर नोंदणीत स्पॅनिश आडनावांची यादी आणि जन्मस्थळ जुळवून ठरवतात. बायकांचं माहेरचं आडनाव असेल तर आधी ते बघतात, कारण गोऱ्या माणसाशी लग्न झालेली मेक्सिकन बाई नवऱ्याच्या आडनावात हरवते. फिलिपिन्समध्ये जन्मलेल्यांना वगळावं लागतं, कारण तिथेही स्पॅनिश आडनावं आहेत. गोवेकर संख्येने थोडे, त्यामुळे मोठ्या आकड्यांना धक्का लागत नाही. पण यातून एक कळतं. आडनावावरून फार तर ‘हिस्पॅनिक’ एवढं ठरतं, क्युबन की मेक्सिकन हे ठरत नाही. नोंदणीतल्या पुष्कळ पेशंटांचा देश कोरा राहतो तो असा. मृत्यूच्या दाखल्यावर तरी मूळ विचारलेलं असतं, म्हणून गटवार अभ्यास बरेचदा मृत्यूंवर होतात.

गिरगावातला_बाबू

मुंबईची आठवण झाली म्हणून लिहितो. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू केली. तिथे सुरुवातीपासून धर्मवार आकडे काढत. पारशी बायकांत स्तनाचा कॅन्सर इतरांपेक्षा कितीतरी जास्त, आणि पारशांत तोंड-घशाचा अगदी कमी. एकच शहर, तेच पाणी, तीच हवा. उशिरा लग्न आणि कमी मुलं, म्हणून स्तनाचा जास्त. तंबाखू वर्ज्य, म्हणून तोंडाचा कमी. सगळी मुंबई एकत्र मोजली असती तर यातलं काहीच दिसलं नसतं.

आंबोली आणि माणदेशाच्या पावसाची सरासरी काढून ‘महाराष्ट्रात पाऊस बरा झाला’ म्हणण्यासारखं आहे हे ३० टक्के.

तळ्यातमळ्यात

बाबू, हे वाक्य धाग्याच्या शीर्षकात टाकायला हवं.

वाटसरू_बोगोटा

मी कामानिमित्त कोलंबियात आहे. तुम्ही सगळे देशांपर्यंत येऊन थांबलात, पण देशही एकसंध नाही. कोलंबियाच्या नैर्ऋत्य टोकाला नारिन्यो नावाचा प्रांत आहे. वर अँडीजच्या डोंगरात जठराचा कॅन्सर भयंकर, आणि खाली तुमाकोच्या किनाऱ्यावर त्याहून सुमारे पंचवीस पटींनी कमी. दोन्हीकडे नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकांच्या पोटात तोच जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. पेलायो कोरेआ या कोलंबियन डॉक्टरांनी आयुष्य घालवलं यावर. सूज, मग जठराचं अस्तर झिजणं, मग पेशी बदलणं, मग कॅन्सर, ही पायरीपायरीची साखळी त्यांनीच मांडली. २०१४ मध्ये असं दिसलं की डोंगरातल्या लोकांचा वारसा मुख्यतः मूळ अमेरिकी आणि जंतूचा वंश युरोपीय-आफ्रिकी. किनाऱ्यावर माणूस आणि जंतू दोघेही मुख्यतः आफ्रिकी वंशाचे, म्हणजे पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या सवयीचे. जुळणी बिघडली तिथे अस्तराची हानी जास्त.

हीच माणसं उद्या न्यूयॉर्कला गेली की ‘दक्षिण अमेरिकी’ या एका ओळीत जातात.

सांगलीची_मेधा

पंचवीस पट!! जंतू तोच असून?

विमा_एजंट_नाही

सगळं वाचलं. मला वेगळं म्हणायचंय. तुम्ही जनुकं, सिगारेट, जंतू यांवर बोललात, पण हातात पैसा आणि विमा नसेल तर कॅन्सर उशिरा सापडतो. अमेरिकेत विमा नसलेल्यांचं प्रमाण हिस्पॅनिक लोकांत फार जास्त आहे. टेक्सासने मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) वाढवलंच नाही. कागदपत्रं नसलेल्यांना २०१० च्या आरोग्यविमा कायद्याखालचा विमा विकतही घेता येत नाही. खरा प्रश्न हा आहे.

मायामीकर

@विमा_एजंट_नाही, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपुरतं शंभर टक्के सहमत, तो तपासणी न झाल्याचा आजार आहे. पण एकूण आकड्यांशी तुमचं म्हणणं जुळत नाही. पोर्टो रिकन जन्माने अमेरिकी नागरिक, १९१७ पासून. क्युबनांना १९६६ च्या कायद्याने राहण्याचा हक्क लवकर मिळत आला. कायद्याने सगळ्यांत सुरक्षित असलेले हे दोन गट, आणि हिस्पॅनिक लोकांत कॅन्सरचा मृत्युदर सगळ्यांत जास्त यांचाच. सगळ्यांत असुरक्षित मेक्सिकन मजूर, त्यांचा कमी.

ब्राँक्सची_नर्स

मायामीकर, इथे थोडा विरोध नोंदवते. विमा असणं आणि वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोचणं यांत फार अंतर आहे. ब्राँक्समध्ये नागरिकत्व आहे, मेडिकेड आहे, पण मॅमोग्राफीसाठी सुट्टी टाकली की दिवसाची मजुरी जाते. आणि मेक्सिकन मजुराचा दर आज कमी आहे तो त्याने सिगारेट ओढली नाही म्हणून. त्याच्या मुलीला गर्भाशयमुखाची गाठ झाली तर विमा नसल्याने तीच मरते. दोन्ही खरं आहे.

धाराशिवकर

गर्भाशयमुखाचा विषय निघाला म्हणून. आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) १,३१,७४६ बायकांवर मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) तपासणी केली, तरी आठ वर्षांत त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. शेतमजूर बायका, खेडी, कमी पैसा. माझी आत्या त्यात होती. ह्यूस्टनला हे जमू नये?

ब्राँक्सची_नर्स

धाराशिवकर, जमायलाच हवं. २०२४ पासून अमेरिकेत दवाखान्यात बाईने स्वतःच नमुना घेऊन एचपीव्ही तपासायला मान्यता आहे. लाजेमुळे, पुरुष डॉक्टरमुळे न येणाऱ्या बायकांसाठी हे फार मोठं आहे. निशिगंध, पत्रकात नक्की घाला.

रानवारा

एक विचारू? आपल्याला हे इतकं का पडलंय? आपण भारतीय.

आकडेमोड

रानवारा, एक तर माणसं मरतायत म्हणून. आणि अमेरिकेत आपणही ‘आशियाई’ नावाच्या अशाच रकान्यात आहोत. व्हिएतनामी लोकांत हेपटायटिस बीमुळे लिव्हरचा कॅन्सर जास्त, कोरियन लोकांत जठराचा, भारतीयांत हे दोन्ही कमी. एकत्र मोजलं की कोरियन माणसाचा धोका आपल्या कमी आकड्याखाली झाकला जातो.

रानवारा

पटलं. मी पहिल्या प्रतिसादापासून ‘जनुकं’ म्हणत होतो, पण धागा वाचून बरंच शिकलो.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून नवा तक्ता केला. ३० टक्क्यांचा आकडा ठेवलाय, कारण तो खरा आहे. पण त्याच्या शेजारी क्युबन, पोर्टो रिकन, मेक्सिकन आणि मध्य अमेरिकी असे वेगळे स्तंभ, आणि मेक्सिकन स्तंभात अमेरिकेत जन्मलेले वेगळे. पत्रकंही एक न ठेवता गटागटाने करायचं ठरवतेय. हेपटायटिस सीची एकदा तपासणी सगळ्यांना. होंडुरास-साल्वाडोरकडच्या बायकांसाठी एचपीव्ही पहिल्या पानावर, आणि जठराची जुनी दुखणी अंगावर काढू नका हेही. मधुमेहाच्या ओपीडीत लिव्हरची तपासणी. क्युबन आजोबांसाठी सिगारेट सोडण्याचं आणि फुप्फुसाच्या स्कॅनचं.

एक अडचण उरते. आमच्या फॉर्मवर फक्त ‘हिस्पॅनिक: हो/नाही’ आहे. देश कसा कळणार?

आकडेमोड

१९७७ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने ठरवलेली ती चौकट आहे. मार्च २०२४ मध्ये ती बदलली. वंश आणि हिस्पॅनिक मूळ यांचा प्रश्न आता एकच, आणि त्याखाली मेक्सिकन, पोर्टो रिकन, क्युबन, डोमिनिकन, साल्वाडोरन असे तपशील विचारणं अपेक्षित आहे. केंद्रीय खात्यांना २०२९ पर्यंत मुदत आहे. तुम्हाला थांबायचं कारण नाही, फॉर्म आत्ताच बदलून घ्या. जन्मस्थळही विचारा.

ब्राँक्सची_नर्स

जन्मस्थळ विचारताना जपून! ज्याच्याकडे कागदपत्रं नाहीत तो त्या रकान्यापाशी थांबतो आणि पुढच्या वेळी येतच नाही. ‘तुमचं कुटुंब मुळात कुठलं?’ असं विचारा, उत्तर ऐच्छिक ठेवा आणि का विचारतोय ते त्याच ओळीखाली स्पॅनिशमध्ये लिहा. कुठे जन्म झाला याऐवजी अमेरिकेत किती वर्षं झाली हेही नको, तेही तितकंच घाबरवतं. आईवडील इथे वाढले का, एवढं विचारलंत तरी पिढीचा अंदाज येतो.

निशिगंध

हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नसतं. आमच्या स्वागतकक्षात एक साल्वाडोरन बाई आहेत, पेशंट फॉर्म भरताना त्यांच्याशीच बोलतात. सोमवारी त्यांच्याबरोबर बसून प्रश्नाची भाषा ठरवते, मग बैठकीत नेते. तक्त्याचं काय झालं ते इथेच कळवेन.